वास नसलेलं औषध

दौंडच्या सूतिकागृहात त्या उन्हाळ्यात एक बाळंतीण तापानं गेली. भीमेपलीकडच्या कुठल्याशा वस्तीवरची, पहिलटकरीण, जवळजवळ माझ्याच वयाची. बाळंतपण सुखरूप झालं होतं. मुलगी झाली म्हणून सासू जरा फुगून बसली होती, एवढंच. तिसऱ्या दिवशी बाळंतिणीला हुडहुडी भरली आणि मग ताप उतरलाच नाही. तिची आई नातीला धडप्यात गुंडाळून घेऊन गेली तेव्हा मी दारात उभी होते. पाठोपाठ आणखी दोघींना ताप आला. त्या वाचल्या. पण माझं मन जे सैरभैर झालं ते पुढं बरेच महिने ठिकाणावर आलं नाही.

मी खरं तर शिरूरची. मिशनच्या आवारात वाढले, पुण्याला नर्सिंग शिकले आणि शिरूरच्याच सरकारी दवाखान्यात नोकरीला लागले. पन्नासचं दशक संपत आलं होतं. दौंडची सिस्टर रजेवर गेल्यामुळं मला बदली म्हणून तिकडं पाठवलं होतं, आणि नेमकं तेव्हाच हे घडलं. परत शिरूरला आले तरी मी खाटेवर टेकायची नाही. वॉर्डातून फिरायची, धुतलेली तसराळी पुन्हा धुवायची, स्वतःच्या नखांकडं बघत राहायची. आई म्हणायची, "अगं, जेवताना तरी बस."

दौंडचं सूतिकागृह घाणेरडं होतं असं मात्र कुणी म्हणू नये. फाटकातून आत पाऊल टाकलं की फिनेलचा वास नाकात शिरायचा. ते सगळं एका बाईच्या जिवावर चालायचं. तिला सगळे मावशी म्हणत. उंच, हाडापेरानं दणकट, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि हात फिनेलनं पांढरे पडून भेगाळलेले. फरशी पुसून झाली की ती दारातच उभी राहायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला दटावायची, "पायताणं भाईर काडा!" पाटील असो, पोलीस असो, तिला फरक पडत नसे. ती बाळंतीण गेली त्या दिवशी मावशीनं सबंध वॉर्ड पुन्हा धुतला होता.

पावसाळ्याच्या तोंडाला मला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात बोलावणं आलं. एक नवं जंतुनाशक यायला लागलं होतं, ते कसं वापरायचं हे शिकून घ्यायचं आणि शिरूर-दौंडच्या सफाईच्या माणसांना शिकवायचं. फिकट पिवळं औषध, पाण्यात ढवळलं की साबणासारखा फेस यायचा, आणि वास म्हणाल तर जवळजवळ नाहीच. प्रसूतीचं टेबल, रबरी चादरी, तसराळी, हात, सगळ्यांना चालणारं. अट एकच. साबणाबरोबर वापरायचं नाही. साबण लागला की त्या औषधाचा जोर जातो. म्हणून आधी साबणानं धुवायचं, मग साबण साध्या पाण्यानं पार काढून टाकायचा, आणि मग औषध. तिथल्या मेट्रन कडक होत्या. निघताना मला म्हणाल्या, "झाडूपोछा करणाऱ्यांना पटलं तरच हे वापरलं जाईल. कपाटात बाटल्या मांडून जंतू मरत नाहीत."

शिरूरला मला फारसं जड गेलं नाही. तिथल्या सफाईवाल्यांत वडीलधारे एक चाचा होते. त्यांचं घर आमच्या मिशनच्या आवारापासून जवळच, मला त्यांनी परकरात बघितलेलं. मी कपड्याची नीळ आणली, रबरी चादरीच्या एका कोपऱ्यावर शिंपडली आणि चाचांना म्हटलं, "नेहमीसारखं पुसा." त्यांनी ओलं फडकं फिरवलं. चादर निळी झाली. तेच फडकं बादलीत बुचकळलं, बादली निळी झाली. त्याच फडक्यानं टेबलाचे पाय पुसले, दाराची कडी पुसली. चाचांनी घाम पुसायला हात कपाळाला लावला, तर कपाळावर निळा पट्टा. सगळे हसले. मी म्हटलं, "जंतू असेच पसरतात, फक्त त्यांना रंग नसतो. म्हणून टेबलाचं फडकं वेगळं, जमिनीचं वेगळं, आणि पाणी सारखं बदलायचं."

साबणाचं सांगितलं तेव्हा चाचा म्हणाले, "म्हंजी साबन आन् ह्ये अवशीद सवती हायेत म्हना की. एका घरात न्हाई नांदायच्या."

पुढं मी सगळीकडं हेच वाक्य वापरलं.

दौंडला मात्र माझी डाळ शिजेना. आठवड्यातून एकदा मी न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एस.टी.नं तिकडं निघायची. नदीला पाणी आलं की आधी पुणं गाठायचं आणि तिथून रेल्वेनं दौंड. गाडीत मला चैन पडायचं नाही. मांडीवर बाटल्यांची पिशवी, आणि डोक्यात एकच विचार: मी नसताना हे लोक काय करत असतील? दौंड स्टेशनात गाडी शिरायच्या आधीच मी दाराशी जाऊन उभी राहायची.

मावशीनं निळीचा खेळ हाताची घडी घालून बघितला. तिच्या हाताखालच्या दोघी पुढं वाकून बघत होत्या, त्यांच्याकडं तिनं असं पाहिलं की त्या मागं सरल्या.

"निळीचं दिसतंय, बाई," ती म्हणाली. "तुमच्या जंतूचं कुठं दिसतंय?"

"म्हणूनच तर औषध वापरायचं, मावशी."

तिनं बादलीवर वाकून वास घेतला. "ह्यात कायबी न्हाई. पानी हाय नुसतं."

"फेस आलाय की."

"फेस रिठ्यालाबी येतो."

मी समजावलं, पुन्हा समजावलं. ती "बरं" म्हणाली. पुढच्या खेपेला गेले तर वॉर्डात पहिल्यासारखाच फिनेलचा घमघमाट. बाटलीतलं औषध मात्र कमी झालेलं. हाताखालच्या एकीनं हळूच सांगितलं, की मावशी नव्या औषधाच्या बादलीतच साबणाचा चुरा टाकते आणि वरून फिनेल ओतते. "म्हनली, तिनी मिळून काय त्ये मारतील."

मी चिडले. पण चिडून करणार काय? त्याच दिवशी प्रसूतीच्या खोलीत एक बाई कण्हत होती, आणि ती बाई कुणीही असली तरी मला मात्र तिच्या जागी तापानं गेलेली ती पोरच दिसत होती. मी मावशीला व्हरांड्यात बोलावलं. आवाज चढू न देता म्हटलं, "मावशी, तुम्हाला हे औषध का नको, ते एकदा मला सरळ सांगा."

तिनं पदरानं हात पुसले. "सांगू? मी सकाळधरनं ढोरावानी राबते. कोन बगतं? कोनीबी न्हाई. पर फिनेलचा वास आला की समद्यांना कळतं, मावशीनं केलंय. ह्या अवशदाला वासच न्हाई. उद्या कुनी म्हनलं, बाईनं कामच केलं न्हाई, तर मी काय दावू?"

मी म्हटलं, "कुणी काही म्हटलं तर मी सांगेन." ती पदर खोचून आत गेली. पण त्या दिवसापासून तिनं बादलीत दुसरं काही टाकणं सोडलं. हाताखालच्या बाईनंच पुढच्या खेपेला मला ते सांगितलं. जमिनीसाठी फिनेल ठेवायचं असं मी सुचवून पाहिलं, पण मावशीचं सगळंच एकमार्गी. आता नवं तर सगळीकडं नवंच.

आणि मग आरोग्य खात्याचे मोठे साहेब तपासणीला आले.

पुण्याहून जीप येणार हे आदल्या दिवशी कळलं, आणि योगायोगानं मी तिथंच होते. दौंडचे डॉक्टर तरुण होते, फार हुशार, आणि तितकेच लाजरे. बोलताना समोरच्याच्या चपलांकडं बघत. त्यांनी मावशीला फक्त एवढंच सांगितलं, "उद्या जरा नीट असू द्या." मावशी पहाटेच आली होती. टेबलं, चादरी, जमीन, खिडक्यांचे गज, सगळं तिनं नव्या औषधानं पुसून काढलं. मी मागोमाग फिरत होते. एकही चूक नव्हती.

साहेब दारातून आत आले, दोन पावलं चालले आणि थांबले. नाक वर करून त्यांनी दोनदा श्वास घेतला.

"आज इथं सफाई झालेली नाही."

डॉक्टर त्यांच्या बुटांकडं बघत राहिले. मावशी भिंतीला लागून उभी होती. सगळ्या बाळंतिणी, त्यांच्या आया, सासवा बघत होत्या.

"काय गं, फिनेल टाकलंस का आज?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई जी."

"का? विकलंस काय?"

मावशीचा चेहरा असा झाला की मला अजून तो सांगता येत नाही. मी पुढं झाले. "साहेब, हिनं नवं औषध वापरलंय. त्याला वास नसतो. मीच शिकवलंय. पुण्याहूनच आलंय ते."

"सिस्टर, मी तुम्हाला विचारलं नाही."

"नाही विचारलंत, साहेब. पण ही पहाटेपासून काम करतेय. मी बघितलंय."

ते डॉक्टरांकडं वळून इंग्रजीत काहीतरी म्हणाले, त्यातला ‘डिसिप्लिन’ एवढाच शब्द मला ऐकू आला. जाताजाता त्यांनी फर्मावलं, "फिनेल टाकून घ्या." जीप धुरळा उडवत निघून गेली. मावशीनं फिनेल टाकलं नाही. तिनं बादली पालथी घातली, फडकी पिळून तारेवर वाळत घातली आणि फाटकातून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही.

मी शिरूरला परतले, पण डोकं दौंडातच. ड्यूटीवर इंजेक्शनची सुई उकळत ठेवायची आणि विसरून जायची. चाचांनी एकदा माझ्या हातातला चिमटा काढून घेतला आणि म्हणाले, "पोरी, जा आन् बगून ये एकदाची. हितं आमी हाय." मी रजा टाकली आणि माझा नेमाचा वार नसताना दौंडला गेले.

मावशीचं घर रेल्वेच्या रुळांपलीकडं होतं. पत्र्याची खोली, पुढं सारवलेलं अंगण. ती सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन फोडत बसली होती. मला बघून उठली नाही. बस म्हणाली नाही. मी आपणहून बसले. माझे हात रिकामे राहीनात, म्हणून मीही सुपातल्या मूठभर शेंगा घेऊन फोडायला लागले. मालगाडी गेली, पत्रा थडथडला.

"साहेबांचं मनावर घेऊ नका," मी म्हटलं.

"साहेबाचं काय घिऊन बसलात. साहेब येतो आन् जातो." तिनं टरफलं झटकली. "मला येक सांगा. खरं सांगायचं. तुमी म्हनता, नवं अवशीद चांगलं, त्यानं ताप येत न्हाई. मंग आदी मी फिनेलनं पुसत हुती तवा जी पोर गेली, ती माज्या हातानं गेली का?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. इतके महिने ती हे पोटात घेऊन फिरत होती. आणि मी तिला जंतूंच्या गोष्टी सांगत होते. माझा प्रत्येक धडा तिला हेच सांगत होता.

"मला माहीत नाही, मावशी," मी म्हटलं. खोटा धीर द्यावासा वाटत होता, पण ती डोळ्यांत डोळे घालून बघत होती. "कुणालाच कळणार नाही. तिला घरी सुईणीनं आधी तपासलं होतं. बैलगाडीत ती घोंगडीवर पडून आली. मग डॉक्टरांचे हात लागले, माझे लागले. तुमचं फडकं लागलं. यातलं कुठून काय गेलं, कोण सांगणार? फिनेल जमिनीला ठीक आहे. टेबलाला, चादरीला ते पुरत नाही, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मलासुद्धा नाही."

"तुमालाबी न्हाई?"

"नाही. मलाही पुण्याला गेल्यावरच कळलं."

तिनं आणखी एक शेंग फोडली. मग एकदम म्हणाली, "तिची आई मला म्हनली हुती, लई राबता तुमी. पोर तापात हुती, तरी म्हनली." आणि तिनं पदर तोंडाला लावला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ती तसली बाई नव्हती. सूप जवळ ओढलं आणि उरलेल्या शेंगा मी संपवल्या.

निघताना मी विचारलं, "उद्या याल?"

"यीन. पर डाक्टरला सांगा, समद्यांम्होरं म्हनायचं. माज्या कानात न्हाई. वॉर्डात हुबं राहून म्हनायचं, की सफाई झालीया."

डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा ते कानापर्यंत लाल झाले. रात्रभर त्यांनी पाठ केलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या मधोमध उभे राहिले, घसा खाकरला आणि जमिनीकडं बघत पुटपुटले, "इथं जे नवीन औषध वापरतात त्याला वास येत नाही. तरी सफाई झालेली आहे."

"मोट्यानं बोला, डाक्टर," मावशी दारातून म्हणाली. "पल्याडच्या खाटंला आयकू गेलं न्हाई."

त्यांनी मान वर केली आणि चक्क ओरडूनच सांगितलं. एका कोपऱ्यातलं बाळ दचकून रडायला लागलं. बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "व्हय बाबा, कळलं." त्यापुढं कितीतरी दिवस, नवीन बाळंतीण आली की डॉक्टर तिच्या माणसांना ते सांगत. हळूहळू त्यांचा आवाजही सुटला. मोठे साहेब पुढच्या खेपेला आले तेव्हा डॉक्टरांनीच त्यांना दारात गाठून सांगितलं. साहेब हूं म्हणाले, आणि आत गेले.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. थंडीत पुन्हा एकीला ताप आला. ते कळल्यावर मी शिरूरहून मिळेल त्या गाडीनं धावले. नदीपाशी एस.टी. बंद पडून खोळंबली तेव्हा मी खाली उतरून रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते, आणि कंडक्टर मला "बाई, वर बसा" म्हणून विनवत होता. पोचले तर मावशी त्या बाळंतिणीच्या उशाशी बसून होती. खाट तिनं वेगळ्या खोलीत हलवली होती, तिची भांडी, फडकी वेगळी ठेवली होती. हे सगळं तिनं डॉक्टर यायच्या आधीच केलेलं. बाई वाचली. ताप स्तनातल्या गाठीचा निघाला, पण ते दोन दिवस आम्ही कुणीच धड जेवलो नाही.

वर्ष सरताना शिरूरला सफाईची नवी माणसं भरली. मी डॉक्टरांना विचारून मावशीला शिकवायला बोलावलं. ती आयुष्यात पहिल्यांदा शिरूरला आली. नवं लुगडं नेसून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून. शिकवायचं म्हणजे पुढं उभं राहून बोलायचं हे तिला जमेना. ती सरळ चादर घेऊन खाली बसली आणि पुसायला लागली, आणि जो चुकेल त्याच्या हातावर चापट. फडकं कसं पिळावं यावरून तिचं चाचांशी कडाक्याचं भांडण झालं.

"ह्ये काय पिळनं हाय? पानी ऱ्हातंय की त्यात."

"आवं, मी तुमच्यापरीस ज्यास्ती पिळलीत."

"मंग येवड्या वर्सांत शिकाया पायजे हुतं."

नवी माणसं तोंडावर हात धरून हसत होती, पण जेवायच्या सुट्टीनंतर बघितलं तर सगळे मावशीसारखंच पिळत होते. चाचासुद्धा.

काम संपल्यावर तिला घोडनदीचा, म्हणजे शिरूरचाच, बाजार बघायचा होता. आम्ही हिंडलो. तिनं नातीसाठी लाकडी बाहुली घेतली, स्वतःसाठी काही नाही. या सगळ्यात एस.टी. चुकली. स्टँडवर बाकड्यावर ती पाय वर घेऊन बसली, बाहुली मांडीवर. मी मात्र चौकशीच्या खिडकीपाशी जायची, परत यायची, रस्त्याकडं बघायची, पुन्हा खिडकीपाशी. दौंडला तिची ड्यूटी सकाळची. पोचेल ना वेळेवर?

"बसा की, बाई," ती म्हणाली. "गाडी तिच्या टायमाला यील. तुमी चालल्यानं लवकर यील व्हय?"

मी बसले. ती मला नातीचं सांगू लागली, की ती शाळेत जाते आणि पाढे म्हणते. बोलता बोलता तिला डुलकी लागली, मान माझ्या खांद्यावर आली. तेवढ्यात नगरकडून एक गाडी स्टँडात शिरली. दौंडची नसणार हे मला माहीत होतं. तरी मी तिची मान हळूच सरळ केली आणि पाटी वाचायला उठले.